पान उलटलं की रकान्याचं नाव कुठे जातं?

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावणार, मला माहीत आहे. विषय आहे तक्त्याचं हेडर. म्हणजे तक्त्याच्या डोक्यावरची ती एक ओळ, जिच्यात रकान्यांची नावं असतात. आणि प्रश्न एवढाच, की तक्ता एका पानात मावला नाही, दुसऱ्या पानावर गेला, तर ती ओळ तिथे पुन्हा छापायची कुणी? बास. पण या एवढ्याशा प्रश्नाला ७५ वर्षांचा इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे तो सरळ पुढे गेलेला नाही. १९६० च्या आसपास जो प्रश्न सुटला होता, तो वेब आल्यावर पुन्हा उभा राहिला. रिपोर्ट काढून देणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे या प्रश्नाशी माझी गाठ जवळजवळ दर आठवड्याला पडते.

आधी एक ओळखीची वस्तू डोळ्यासमोर आणा. बँकेचं पासबुक. त्याच्या प्रत्येक पानावर वर छापलेलं असतं: तारीख, तपशील, काढलेली रक्कम, जमा रक्कम, शिल्लक. हे मशीन छापत नाही. ते छापखान्यातूनच आलेलं असतं. मशीन फक्त आकडे ओततं, आणि पान भरलं की थांबून म्हणतं, पान उलटा. म्हणजे इथे हेडरचं काम कागदाकडे, आकड्यांचं काम मशीनकडे. कंप्युटरच्या सुरुवातीच्या काळात कितीतरी रिपोर्ट असेच निघायचे. रकाने आधीच छापलेला सलग कागद प्रिंटरला लावायचा, पहिली ओळ नीट जुळवायची आणि सोडून द्यायचं. आजही पगाराच्या स्लिपा अशा निघतात काही ठिकाणी.

पण प्रत्येक रिपोर्टसाठी वेगळा कागद छापून घेणं परवडत नाही. कोऱ्या कागदावर सगळंच मशीनने छापायचं ठरलं, की हेडरची जबाबदारी कागदावरून मशीनवर येते. आणि मशीनला तर पान म्हणजे काय हेच माहीत नसतं! त्याच्या दृष्टीने सलग कागदाची एक लांबच लांब पट्टी आहे आणि तिच्यावर ओळीमागून ओळ येते आहे.

यावर जो उपाय निघाला तो मला अजूनही भारी वाटतो. आयबीएमचं ४०७ नावाचं हिशेबाचं मशीन १९४९ साली आलं. प्रोग्राम वगैरे काही नाही, एका बोर्डवर वायरी खुपसून त्याला काम सांगायचं. मिनिटाला १५० ओळी छापायचं. त्यात कागद सरकवणाऱ्या भागापाशी कागदाचीच एक अरुंद पट्टी असायची. तिची दोन टोकं एकमेकांना चिकटवून गोल कडं केलेलं. ही पट्टी रिपोर्टच्या कागदाबरोबर त्याच गतीने फिरायची, आणि तिच्यावर भोकं पाडलेली असायची. पट्टीवर १२ उभ्या रांगा. पहिल्या रांगेतलं भोक म्हणजे "इथे नव्या पानाची पहिली ओळ". बाराव्या रांगेतलं भोक म्हणजे "पान संपत आलं". भोक ब्रशखाली आलं की मशीनला कळायचं. म्हणजे "पान" ही कल्पना कुठल्याही मेमरीत नव्हती. ती त्या कागदी कड्यात होती. पानाची लांबी बदलायची असेल तर पट्टी बदला.

१९५९ च्या ऑक्टोबरमध्ये आयबीएमने १४०१ हा कंप्युटर आणि त्याच्याबरोबर १४०३ हा प्रिंटर जाहीर केला. ओळीत १३२ अक्षरं, मिनिटाला ६०० ओळी. आपल्या देशातही १४०१ मशीन १९६० च्या दशकात आली, मुंबईतही आली. ११ इंची पानात इंचाला ६ ओळी धरल्या तर ६६ ओळी होतात, म्हणजे मिनिटाला नऊएक पानं. या प्रिंटरमध्येही तीच कागदी पट्टी होती. फरक एवढाच की आता तिची खूण प्रोग्रामला विचारता यायची: बाराव्या रांगेचं भोक लागलं का? लागलं असेल तर पुढच्या पानाच्या माथ्यावर उडी मार आणि हेडर छाप.

आता १४०१ साठी आयबीएमने आरपीजी नावाची भाषा काढली. गेमवाली आरपीजी नव्हे, "रिपोर्ट प्रोग्राम जनरेटर". वायरी खुपसून काम करणाऱ्या लोकांना कंप्युटरवर आणायचं होतं, म्हणून ही भाषा म्हणजे जवळजवळ भरायचा फॉर्मच होता. पुढे आरपीजी टू आली, त्यात कुठली ओळ कधी छापायची हे खुणांनी सांगायचं. हेडरच्या ओळीपुढे दोन खुणा लावल्या की काम झालं: एक "वनपी", म्हणजे पहिलं पान, आणि दुसरी "ओएफ", म्हणजे पान भरून वाहिलं. "पहिलं पान असेल किंवा पान भरलं असेल तर ही ओळ छाप." संपला विषय. आज माझ्या कामात हे एवढं सरळ लिहिता आलं तर मी पेढे वाटेन.

त्यात आणखी एक बारकावा होता. समजा पान भरत आलं आहे आणि नेमकं तिथेच एका गटाची बेरीज छापायची आहे. हेडर आधी की बेरीज आधी? हेडर आधी छापलं तर बेरीज बिचारी एकटी नव्या पानावर जाते, जिचे आकडे ती बेरीज करते ते सगळे मागच्या पानावर. म्हणून आरपीजीच्या ठरलेल्या क्रमात पान भरल्याची खूण लागली तरी ती बेरीज आधी जुन्या पानावर छापली जायची, आणि मगच नव्या पानाचं हेडर. खाली चार-सहा ओळींची जागा राखून ठेवायची ती याचसाठी. ज्याने हे ठरवलं त्याने रिपोर्ट वाचणारा माणूस जवळून पाहिला असणार.

कोबॉलने तर याच्याही पुढे मजल मारली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्या भाषेत "रिपोर्ट रायटर" नावाचा भाग आला. तुम्ही फक्त वर्णन करायचं: पान इतक्या ओळींचं, हेडर या ओळीवर, पहिला आकडा या ओळीवर, शेवटचा या ओळीवर. मग प्रोग्राममध्ये "जनरेट" एवढंच म्हणायचं. ओळी मोजणं, पान बदलणं, पानांचे नंबर, सगळं भाषा बघून घेणार. त्यातली माझी सगळ्यात आवडती सोय म्हणजे "ग्रुप इंडिकेट". समजा जिल्ह्यानुसार यादी आहे आणि "सातारा" हे नाव ४० ओळींपुढे ४० वेळा छापायचं नाही, फक्त पहिल्या ओळीपुढे छापायचं आहे. ठीक. पण मधेच पान बदललं तर? ग्रुप इंडिकेट लावलं की नव्या पानाच्या पहिल्या ओळीपुढे "सातारा" पुन्हा छापलं जातं. म्हणजे नुसतं रकान्याचं नाव नाही, आपण कुठल्या गटात आहोत हेही वाचणाऱ्याला परत सांगायचं. हे ६० वर्षांपूर्वी!

दुर्दैव असं की हा भाग सगळ्या कंपायलरमध्ये नसायचा. मग लोक हाताने लिहायला लागले: ओळी मोज, ५५ च्या वर गेल्या तर हेडर छाप आणि मोजणी पुन्हा शून्यावर आण. यातली एक जुनी युक्ती ऐका. सुरुवातीलाच मोजणीत ९९ भरून ठेवायचे. मग पहिली ओळ छापायच्या आधीच प्रोग्रामला वाटतं पान भरलं, आणि पहिल्या पानाचं हेडर आपोआप छापलं जातं. वेगळा कोड नको. आणि इथेच एक हमखास चूकही व्हायची. पान भरलं का हे ओळ छापायच्या आधी तपासायचं, नंतर नाही. नंतर तपासलं आणि ओळींची संख्या नेमकी पानात बरोबर बसली, तर शेवटी एक पान असं निघतं ज्यावर फक्त हेडर आहे आणि खाली काहीच नाही. वाचणारा विचारतो, "पुढचे आकडे कुठे गेले?" ते गेलेले नसतातच.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटत असेल तर एक प्रसंग सांगतो. मागे एका तालुक्याच्या गावी, एका पतसंस्थेत कामानिमित्त गेलो होतो. तिथे जुनं सॉफ्टवेअर होतं, कुणाचं ते जाऊ दे. तेरीज पत्रक, म्हणजे सगळ्या खात्यांची नावे आणि जमा बाजू दाखवणारा तक्ता, १७ पानी निघायचा. हेडर फक्त पहिल्या पानावर. बाकीच्या १६ पानांवर खात्याचं नाव आणि शेजारी आकड्यांचे दोन रकाने. तर तिथले क्लार्क काका दर महिन्याला प्रत्येक पानाच्या डोक्यावर पेन्सिलने "ना" आणि "ज" लिहायचे. मी विचारलं, "काका, डावीकडे नावे हे सगळ्यांना माहीतच असतं ना?" ते म्हणाले, "तुला माहीत आहे, तू शिकलास तसं. आमचे संचालक जुन्या किर्दीवर वाढलेत."

आणि खरंच की! आपल्या देशी पद्धतीच्या रोजकिर्दीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. कॉलेजात कॉमर्सला शिकवतात त्या पद्धतीत नावे डावीकडे. म्हणजे हेडर नसलेलं नववं पान एका माणसाच्या हातात एक अर्थ सांगतं आणि शेजारच्या माणसाच्या हातात बरोब्बर उलटा. संस्थेने कुणाला पैसे द्यायचे आहेत आणि कुणाकडून यायचे आहेत, हेच फिरतं. आणि पानं एकत्र राहतातच असं कुठे आहे? कुणीतरी फक्त नवव्या पानाची झेरॉक्स काढतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतं. पहिलं पान बघणारा आणि नववं पान बघणारा ही दोन वेगळी माणसं असतात.

असो, परत इतिहासाकडे. युनिक्सच्या जगात १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी तक्ते मांडणारा "टीबीएल" हा प्रोग्राम लिहिला. त्यातही लांब तक्त्याची सोय होती: तक्ता सुरू करताना एक "एच" जोडायचा, हेडर कुठे संपलं तिथे खूण करायची, की तेवढा भाग प्रत्येक पानावर पुन्हा येणार. लेटेक वापरणाऱ्या लोकांसाठी डेव्हिड कार्लाइल यांचं "लाँगटेबल" आलं. त्यात पहिल्या पानाचं हेडर वेगळं, पुढच्या पानांचं वेगळं ठेवता येतं, त्यामुळे दुसऱ्या पानापासून "मागील पानावरून पुढे" असं छापता येतं. खालच्या ओळीचंही तसंच, शेवटच्या पानाची निराळी. फक्त रकान्यांची रुंदी जुळेपर्यंत तीच फाइल दोन-तीनदा चालवावी लागते, कारण पहिल्या फेरीत त्याला पुढच्या पानावर केवढा मजकूर आहे ते माहीत नसतं. इंजिनिअरिंगला प्रोजेक्ट रिपोर्ट लेटेकमध्ये केलेल्यांना हे दुःख ठाऊक असेल.

स्प्रेडशीटमध्ये हाच प्रश्न स्क्रीनवर आला. १९७९ च्या व्हिसिकॅल्कमध्येच वरच्या ओळी जागेवर गोठवून खालचं सरकवायची सोय होती. आजचं "फ्रीझ पेन्स" तिचंच नातवंड. लोटस १-२-३ मध्ये छापताना प्रत्येक पानावर पुन्हा येणाऱ्या ओळी वेगळ्या सांगता यायच्या; पण त्याच ओळी छापायच्या भागातही धरल्या गेल्या, तर पहिल्या पानावर हेडर दोनदा. एक्सेलमध्ये हीच सोय "प्रिंट टायटल्स" नावाने आहे. वर्डमध्ये "रिपीट हेडर रोज". मला विचाराल तर ऑफिसात काम करणाऱ्या प्रत्येकाला शिकवाव्यात अशा चार गोष्टींत या दोन येतात, आणि शिकवत कुणीच नाही.

मग आलं वेब. १९९६ च्या मे महिन्यात डेव्ह रॅगेट यांनी एचटीएमएल तक्त्यांवरचा आरएफसी १९४२ लिहिला. तक्त्याचं डोकं, धड आणि पाय वेगळे सांगायच्या खुणा त्यात आहेत: टीहेड, टीबॉडी, टीफूट. उद्देशही स्वच्छ लिहिला होता, की तक्ता पानांवर तुटला तर डोकं पुन्हा देता यावं. १९९७ च्या डिसेंबरात एचटीएमएल ४ आलं, त्यात एक विचित्र वाटणारा नियम होता: पाय धडाच्या आधी लिहायचा! म्हणजे तक्त्याची शेवटची ओळ तुम्ही कोडमध्ये दुसऱ्या नंबरवर लिहायची. वेडेपणा वाटतो, पण कारण बघा. हजार ओळी डाउनलोड होत आहेत आणि पहिल्या पानाच्या तळाशी पाय काढायचा आहे. तो ब्राउझरला आधीच ठाऊक नको का? एचटीएमएल ५ ने ही सक्ती काढून टाकली.

पण त्या मजकुरात एक घातक शब्द होता. छापताना ब्राउझर हेडर पुन्हा देऊ "शकेल". दिलंच पाहिजे असं नाही. पुढच्या वर्षी आलेल्या सीएसएस २ मध्येही तेच, "शकेल". आणि ज्याला सक्ती नाही ते काम सगळ्यात शेवटी होतं, हे आपल्याला सरकारी कचेरी न बघताही माहीत आहे. फायरफॉक्सने आणि इंटरनेट एक्सप्लोररने हेडर पुन्हा दिलं. २००८ साली आलेल्या क्रोमने कितीतरी वर्षं दिलं नाही.

यात ब्राउझरवाल्यांना फार दोषही देता येत नाही. त्यांच्या जगात पानच नव्हतं. स्क्रीन म्हणजे पुन्हा ती लांबच लांब पट्टी, भोकं पाडलेलं कडं नसलेली. अडचण तेव्हा झाली, जेव्हा आमच्यासारख्यांनी बिलं, मार्कशीट, खातेउतारे हे सगळं एचटीएमएलमध्ये बनवून त्याची पीडीएफ काढायला सुरुवात केली. सोपं होतं ना! वेबसाइट येते, म्हणजे रिपोर्टही येतो. वर्षानुवर्षं त्यासाठी "डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ" नावाचं फुकट टूल सगळीकडे चाललं. ते टीहेड पुन्हा छापायचं, पण कधीकधी ते हेडर नव्या पानाच्या पहिल्या ओळीवरच येऊन बसायचं, नाव आणि आकडा एकमेकांवर. उपाय काय, तर प्रत्येक ओळीला सांगायचं, "बाई, तू मधोमध तुटू नकोस." न सांगितलं तर ओळ आडवी कापली जायची. शिरोरेषा एका पानाच्या तळाशी आणि अक्षराचा खालचा भाग पुढच्या पानावर, असं मराठी मी स्वतः पाहिलेलं आहे. २०२३ मध्ये त्या टूलचं काम अधिकृतपणे थांबलं, तरी अजून कित्येक सर्व्हरवर ते गुपचूप राबतंय.

२०१७ पासून क्रोमच स्क्रीनशिवाय चालवून पीडीएफ काढता येते, आणि आता क्रोम हेडर पुन्हा देतोही. नव्या सीएसएसच्या मसुद्यात अट घातली आहे, की हेडर पानाच्या एक चतुर्थांशापेक्षा उंच असेल तर पुन्हा देऊ नका. बरोबर आहे. नाहीतर तीन मजली हेडर प्रत्येक पान खाणार आणि आकड्यांना जागाच उरणार नाही. फक्त हे माहीत नसलेला माणूस रात्री अकरा वाजता डोकं धरून बसतो, की कालपर्यंत येणारं हेडर आज का येत नाही. कुणीतरी रकान्याच्या नावात लांबलचक टीप घातलेली असते.

एक गोंधळ मी नेहमी बघतो, तो म्हणजे पानाचं हेडर आणि तक्त्याचं हेडर यांची सरमिसळ. लोक रकान्यांची नावं पानाच्या माथ्यावरच्या पट्टीत टाकून मोकळे होतात. एकच तक्ता असेपर्यंत चालतं. रिपोर्टमध्ये ठेवींचा एक आणि कर्जांचा दुसरा असे दोन तक्ते आले, की कर्जाच्या आकड्यांवर ठेवींची नावं झळकतात. पानाला काय माहीत त्याच्यावर कुठला तक्ता येणार आहे?

आता शेवटचा भाग, आणि तो तुम्हा ऐकणाऱ्यांच्या जवळचा आहे. हेडर प्रत्येक पानावर छापलं, की ते फाइलमध्येही तितक्या वेळा येतं. पीडीएफला मुळात तक्ता कळत नाही. तिच्यासाठी ती अक्षरं आणि त्यांच्या जागा. त्यामुळे एखादी ३०० पानी सरकारी यादी पीडीएफमधून एक्सेलमध्ये ओढणाऱ्याला दर ४० ओळींनी "अनुक्रमांक, नाव, वय" नावाचा एक माणूस भेटतो. आणि जो माणूस डोळ्यांनी नाही, कानांनी वाचतो, त्याचं काय? स्क्रीन रीडर लावलेला माणूस. त्याला पान उलटल्याचं दिसतच नाही. सलग आकडे ऐकता ऐकता मधेच पाच रकान्यांची नावं, पुन्हा आकडे, पुन्हा नावं. म्हणून नीट खुणा केलेल्या पीडीएफमध्ये पहिलं हेडर खरं मानतात, आणि पुढच्या पानांवरच्या प्रती "ही केवळ पानाची सजावट, वाचू नका" अशी खूण करून ठेवतात. मग स्क्रीन रीडर त्या गाळतो आणि त्याऐवजी प्रत्येक आकड्याला त्याच्या रकान्याचं नाव जोडून सांगू शकतो: जमा, ४,५००. नावे, १,२००.

तुमच्या घरी कुणाकडे हिरव्या पट्ट्यांच्या सलग कागदावरचे जुने रिपोर्ट पडून असतील, आजोबांच्या बँकेतले, साखर कारखान्यातले, तर दुसरं पान उघडून बघा आणि काय दिसलं ते कळवा. नाव-गाव झाकून हं. पुढच्या भागात "पान क्रमांक ३ पैकी ७" यातला तो ७ मशीनला आधीच कसा कळतो, त्याची भानगड.